मिशी तेवढी टिकली

मी अकरा दिवस बिझनेसमन होतो. बारावा दिवस बाबांच्या बादलीत गेला.

बाबा म्हणजे फॅक्टरीच्या इन्स्पेक्शनमधून रिटायर झालेले रत्नाकर. त्यांच्याशी सरळ सौदा होता. माझी पहिली ऑर्डर पास झाली तर रेल्वेच्या नोकरीच्या फॉर्मचं नाव घरात कोणी काढणार नाही. फेल झाली तर सोमवारपर्यंत फॉर्म भरायचा, गुपचूप.

ऑर्डर मोठी होती. आमच्याच शहरातल्या गोरखपुर मोहल्ल्याच्या मॉर्निंग वॉक ग्रुपचे वीस टी-शर्ट, छातीवर वीसही म्हाताऱ्यांचा फोटो. अध्यक्ष अच्युतकाका म्हणाले, "गौरांग, कपडा सुती हवा हं. दुसरा खाजते."

"हो जी," मी म्हणालो. मी सगळ्यालाच हो जी म्हणत होतो.

काम मी व्हिडिओ पाहून शिकलो. सेकंडहँड हीट प्रेस आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवला, कागदावर फोटो छापला, गरम दाबला. फोटो असा उठला की आई म्हणाली, "अगं बाई, सगळे हसून राहिले!"

बाबांनी गठ्ठ्यातला मधला टी-शर्ट ओढला. "सॅम्पल."

"काहून? नवा आहे तो!"

"म्हणूनच."

बाबा कुठलीही गोष्ट तोडल्याशिवाय पास करत नाहीत. माझी सायकल अशीच गेली. त्यांनी टी-शर्ट साबणात भिजवला आणि मोगरीनं बडवायला घेतलं.

"बाबा, जरा सांभाळून."

"धोबी सांभाळून मारते का?"

पाणी रंगीत झालं. टी-शर्ट पिळून झटकला तर वीस माणसांच्या जागी धूर. फक्त अच्युतकाकांची मिशी शाबूत.

आईनं तो दोरीवर टाकला. "आता खरे रिटायर झाले सगळे."

मी व्हिडिओ परत लावला. ही शाई फक्त पॉलिएस्टर धरते, असं चौथ्या मिनिटाला स्पष्ट सांगितलं होतं. मी पाचव्यापासून बघितला होता. सुरुवातीला लोक फालतू बडबड करतात ना.

चूपचाप मोबाईलवर फॉर्म उघडला. नाव भरलं. वडिलांचं नाव भरून राहिलो तर वडील मागे उभे.

"फॅक्टरीत लॉट रिजेक्ट झाला तर काय होते, माहीत आहे?"

"नोकरी जाते?"

"ज्यानं बनवला तो स्वतः जाऊन सांगते. मग रीवर्क मिळते. एकदाच."

मग काय, ओला टी-शर्ट पिशवीत घालून गोरखपुर गाठलं. अच्युतकाकांनी तो उजेडात धरला.

"ही कोणाची?"

"तुमचीच, काका. मिशी."

"आणि बाकीचे?"

"धुतले गेले." मग पॉलिएस्टरचं सगळं सांगून टाकलं, पाचव्या मिनिटासकट.

काकांनी आपल्या मिशीवरून बोट फिरवलं. मला वाटतं, खूश होते. "चलो, खाजलं तर खाजू दे. पण चेहरे राहिले पाहिजेत. रविवारी दे."

पॉलिएस्टरचे टी-शर्ट आणले आहेत. फॉर्म अर्धा भरून सेव्ह आहे. रीवर्क रविवारी, शेवटची तारीख सोमवारी.

बाबा आत्ताच बाजारातून आले. साबणाची नवी वडी घेऊन.