पिवळी न झालेली काचनळी

मित्रांनो, फडताळात पालथी पडलेली मी एक जुनी काचेची नळी. भातकुलीकडच्या एका गावात पाणी शुद्ध करण्याचं केंद्र आहे, तिथली. माझं काम एवढंच की पोटात नळाचं पाणी घ्यायचं आणि वरून औषधाचे थेंब पडू द्यायचे. पाण्यात जंतू मारणारी पावडर पुरेशी असेल तर मी पिवळी होते, नसेल तर कोरीच राहते. मला खोटं बोलता येत नाही. त्याचा किती उपयोग झाला, ते ऐका.

केंद्र देवमनभाऊ सांभाळतात. रोज सकाळी ते मला खिडकीच्या उजेडात धरत. पिवळा रंग दिसला की म्हणत, "आता पिऊ द्या गावाले." तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात असायचे. गाव मात्र कुरकुरायचं, चहाला दवाईचा वास येतो म्हणून.

मग देवमनभाऊंची लेक दामिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एका दुपारी बापाचा डबा घेऊन ती केंद्रावर आली.

"बाबा, पाण्याच्या वासानं मले भल्लं मळमळते. थोडी कमी टाका ना पावडर."

"असं नाही जमत बाई."

"मंग मी पाणीच पित नाही."

लेकीपुढे बापाचं काय चालणार? घरी पातेलंभर पाणी उकळलं असतं तरी वास गेला असता. पण पोरीसाठी आपल्या हातातलं काहीतरी करावं, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या सकाळी मी कोरी राहिले. त्यांनी मला पालथं घातलं आणि पुन्हा उचललं नाही.

गाव खूश झालं. "आता कसं गोड लागते पाणी, देवमनभाऊ," लोक म्हणू लागले. इतक्या वर्षांत त्यांचं कौतुक झालं ते हे असं.

महिन्याभराने गावात कावीळ पसरली. अमरावतीच्या दवाखान्यात नेताना दामिनी बापाचा निरोप घ्यायला केंद्राच्या दारात थांबली. जो पिवळा रंग माझ्यात यायला हवा होता, तो तिच्या डोळ्यांत होता. ती परत आली नाही. बाळही नाही.

देवमनभाऊ अजून कामावर येतात. पण पिवळा रंग त्यांना बघवत नाही, म्हणून पावडर अंदाजानेच टाकतात. त्यांचा मला राग येतो, आणि कीवही येते.

मित्रांनो, पाण्याच्या वासाला नाकं मुरडू नका. आणि कुणीतरी मला उचला, उजेडात धरा. आज गाव काय पितं आहे, ते मलाही माहीत नाही.