अक्मारलचे विषय

लाकडी जमिनीला तपकिरी रंग देता देता ओराझबेक आगाईंना ते पत्र आठवलं आणि हातातला ब्रश थांबला. पत्र जूनमध्ये आलं होतं. ऑगस्ट सरत आला तरी उत्तर गेलं नव्हतं. विसरले असते तर एक वेळ बरं. पण कोटाच्या आतल्या खिशातून ते त्यांनी इतक्यांदा काढलं आणि परत ठेवलं होतं, की घडीवर कागद विरला होता.

"आगाई, त्या फळीला तिसऱ्यांदा रंग लागतोय," खिडकीची चौकट घासत असलेली मेरुएर्त म्हणाली. "बाकीच्या फळ्या रुसतील."

ते ओशाळून हसले आणि गुडघ्यांवर पुढे सरकले. सारीबुलाक गावच्या शाळेत दर उन्हाळ्याच्या अखेरीस शिक्षकच वर्ग रंगवत; गाव सगळं मास्तरांना 'आगाई' म्हणे, बाईंना 'अपाय'. मेरुएर्त गणिताची, तिशीची, बोलायला रोखठोक. ओराझबेक भाषा आणि साहित्याचे. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, आणि उभ्या नोकरीत कुठल्याही सभेत त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं नव्हतं. वर्गात मात्र ते वेगळे होत. एखादी ओळ वाचून दाखवताना त्यांचा आवाज असा उतरायचा, की मागच्या बाकावरची मुलंही पेन खाली ठेवायची. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांचा विश्वास बसला नसता.

पत्र अक्मारलचं होतं. नववी संपताना आगाई मुलांना एकच गृहपाठ देत: सुट्टीत मला एक पत्र लिहा, पोस्टानं पाठवा. मुलं माना डोलवत आणि विसरून जात. या वर्षी एकच पत्र आलं. अक्मारल सुट्टीत आईला हातभार लावायला अल्माटीच्या घाऊक बाजारात गेली होती. तिथं आई रौशनचा कपड्यांचा गाळा होता. नव्या शर्टांच्या घडीत घालतात त्या पातळ कागदावर तिनं लिहिलं होतं. गाळ्यात शर्ट नुसते टांगण्याऐवजी ती प्रत्येकावर एक चिठ्ठी लावायची. 'हा घालून सासऱ्यांसमोर बसा, घाम दिसणार नाही.' 'हा त्या मामांसाठी, जे लग्नात सगळ्यांत शेवटी नाचायला उठतात.' लोक चिठ्ठ्या वाचायला थांबत, हसत आणि शर्ट घेऊन जात. एका बाईंनी तिला सांगितलं, की पोरी, याचंच शिक्षण असतं विद्यापीठात. कपडे कुणाला, कसे आणि काय बोलून विकायचे, याचं. फॅशन मार्केटिंग म्हणतात त्याला.

त्यानंतरच्या ओळी त्यांना पाठ होत्या. 'आगाई, दहावीला मी कोणता गट घेऊ? चिठ्ठ्या म्हणजे शब्द, म्हणजे तुमचा विषय. आई म्हणते, विकणं म्हणजे हिशेब, म्हणजे मेरुएर्त अपायांचा. तुम्ही सांगाल तो घेईन. उत्तर आलं नाही तर मी समजेन, की तुमच्या वर्गात यायला तुमची हरकत नाही.'

वडीलधाऱ्या माणसाला एक गोष्ट दोनदा विचारायची नाही, ही त्यांच्याकडची रीत. विचारलं आणि तो गप्प राहिला, तर त्याचं गप्प राहणं हेच उत्तर. पोरीनं रीत पाळली होती. आता अख्ख्या उन्हाळ्याचं गप्प राहणं आगाईंच्या नावावर जमत चाललं होतं.

रंगाचा डबा बाजूला सारून त्यांनी मेरुएर्तला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, की मार्केटिंगला जायचं असेल तर शेवटच्या परीक्षेला कोणते दोन विषय लागतात.

"गणित आणि भूगोल." तिनं घासायचं थांबवलं. "भाषा-साहित्याची जोडी घेऊन आलेल्याला त्या दारात उभंही करत नाहीत. का? अक्मारल का?"

आगाईंनी मान खाली घातली.

मग ती बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. तिच्या गटात मुलं भरपूर होती, तिला या पोरीची गरज नव्हती. उलट नववीत अक्मारलला तिनं ओढूनताणून पाचपैकी चार दिले होते. अपूर्णांक आला की ती पोर खिडकीबाहेर बघायला लागते. माझ्याकडे आली तर रडेल, ती म्हणाली. आणि तुमच्याकडे नाही आली, तर तुमचा गट उघडणारच नाही. आठ मुलं लागतात, तिला धरून आठच आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?

ते ठाऊक होतं. म्हणून तर ब्रश थांबत होता.

"मग तुम्ही मला काही विचारलं नाही," मेरुएर्त पुन्हा चौकट घासू लागली, "आणि मी काही सांगितलं नाही."

जेवणाच्या सुट्टीत मुख्याध्यापक बेक्झातनं त्यांना खोलीत बोलावलं. बेक्झात एके काळी त्यांचाच विद्यार्थी. अजूनही आदरानं 'ओरेके' म्हणायचा, पण खुर्चीतून उठायचा नाही. सोमवारी रौशन शाळेत फोन करून मुलीचा गट कळवणार होती आणि त्याच दिवशी यादी वर जाणार होती. ती पोर तुमच्या शब्दाबाहेर नाही, तो म्हणाला, तेवढी एक आली की गट पक्का. नाही आली तर तुमचे तास निम्म्याहून खाली येतात, आणि तेवढ्या तासांवर मला माणूस ठेवता येत नाही.

आगाईंनी चाचरत सांगितलं, की तिला जे शिकायचंय त्याला माझा गट चालत नाही.

"तिनं विचारलंय?"

"पत्र लिहिलंय."

"तुम्ही काय कळवलंत?"

"अजून काही नाही."

बेक्झातला मनापासून बरं वाटलं. "मग झालं तर. तुम्हाला खोटं बोलायला कोण सांगतंय, ओरेके? नुसतं लिहू नका. न लिहिणं काय कठीण आहे?" दारापर्यंत पोचवताना त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाहीतर बॉयलरच्या खोलीत कोळसा घालायला माणूस हवाच आहे मला हिवाळ्यात. तिथं ऊब असते, वाचायला वेळ मिळतो."

हे तो हसत बोलला. पण असेच तास गेलेले इतिहासाचे मास्तर शेवटची दोन वर्षं त्याच खोलीत कोळसा घालत होते. मुलं पहिल्या हिवाळ्यात त्यांना वाकून नमस्कार करत, दुसऱ्या हिवाळ्यात नुसती बाजूनं जात.

घरी काम्शातनं चहा मांडला होता. दूध घालून वाटीत घोटभरच ओतायचा आणि पुन्हा पुन्हा भरून द्यायचा, हा मान तिनं लग्नाच्या दिवसापासून नवऱ्याला दिला होता. आगाईंनी तिला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, हे सांगता सांगताच कळलं. ती ऐकत राहिली, सुकलेल्या दह्याचा खडा चहात बुडवत. मग तिनं विचारलं, की हिवाळ्यासाठी घरात कोळसा कशाच्या पैशानं भरायचा आहे यंदा. धाकट्या मुलाच्या घरी बाळ येणार आहे, तिकडं काय हात हलवत जायचं आहे का. आणि मग तिनं ते म्हटलं, ज्याची आगाईंना सगळ्यांत जास्त भीती होती.

"पोरीचं गणित कच्चं आहे, हे खोटं आहे का? तिकडं गेली तर नापास होईल. तुमच्याकडे राहिली तर निदान कुठंतरी शिक्षिका होईल. तिच्या भल्याचं तेच आहे. मग लिहायचं काय राहिलं?"

खोटं नव्हतं. हीच तर गाठ होती. उन्हाळाभर त्यांनी स्वतःशी हेच म्हटलं होतं. तिच्यासारखी भाषा त्यांच्या हाताखालून दुसऱ्या कुणाची गेली नव्हती. साहित्यात ती पहिली येईल. गणितात धडपडेल, कदाचित कायमची मागे पडेल. एखादा परका माणूस असता तर त्यानंही तिला हाच सल्ला दिला असता. पण तो परका असता. आपलं पोट ज्या उत्तरावर अवलंबून आहे, ते उत्तर बरोबर असलं तरी आपल्या तोंडून ते बरोबर राहतं का? आगाईंना ठरवता येईना. आयुष्यभर पुस्तकं वाचून त्यांना एवढंच आलं होतं, की कुठल्याही गोष्टीच्या दोन बाजू दिसाव्यात आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही पुसट व्हाव्यात.

"तिनं मला तिचं भलं विचारलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "विषय विचारलेत."

"पुस्तकातल्या माणसांसाठी तुमच्या डोळ्यांत पाणी येतं," काम्शात म्हणाली. "घरातलं माणूस एकदा पुस्तकात जाऊन बसलं पाहिजे."

आणि तिनं त्यांची वाटी काठोकाठ भरली. पाहुण्यानं जास्त वेळ बसू नये असं वाटलं की त्यांच्याकडे वाटी अशी भरतात. आगाईंनी चहा न सांडता सगळा प्यायला, त्याला वेळ लागला, आणि मग टोपी घालून ते बाहेर पडले.

घरी लिहिणं शक्य नव्हतं. ते शाळेत आले. रंग वाळत होता म्हणून वर्गात पाऊल टाकता येईना. ओसरीत रंगाच्या डब्यांशेजारी, बाहेर काढून ठेवलेल्या बाकावर ते बसले. बाक पहिलीच्या मुलांचा होता. गुडघे छातीशी आले. फोन करता आला असता, पण फोन रौशन उचलणार, आणि फोनवर ते नुसतं बरं, बरं म्हणून ठेवून देत. शिवाय पत्र लिहायला त्यांनीच शिकवलं होतं.

दोन कागद त्यांनी फाडले. पहिल्यात नुसतेच आशीर्वाद झाले होते. दुसऱ्यात इतकी कारणं झाली, की शेवटी उत्तर काय ते त्यांनाच सापडेना. तिसरा कागद छोटा निघाला.

'अक्मारल बाळा, तुला जे शिकायचं आहे त्याला गणित आणि भूगोल लागतात. माझा विषय तिथं चालत नाही. तुझं गणित कच्चं आहे. मेरुएर्त अपाय कडक आहेत, तू रडशील, आणि रडूनही जमेलच असं मी सांगू शकत नाही. तू माझ्या वर्गात यावंस असं मला फार वाटतं. पण तू आलीस तर माझी नोकरी राहते, म्हणून माझ्या वाटण्याला तू किंमत देऊ नकोस. उत्तराला उशीर झाला तो याच कारणानं. तुझ्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.'

नोकरीचं वाक्य त्यांनी खोडलं. विद्यार्थिनीला कुणी असं लिहितं का? आपल्या माणसांत वडीलधाऱ्यानं पोरापुढे एवढं उघडं व्हायचं नसतं. ती पोर हे वाचून कुठं बघेल? मग वाटलं, हे वाक्य नसेल तर 'मला फार वाटतं' हेच तिच्या मनात राहील, आणि ती येईल. थोरांचं मन मोडायचं नाही म्हणून येईल. खोडलेलं वाक्य त्यांनी वर पुन्हा लिहिलं, मुद्दाम जरा मोठ्या अक्षरात.

पोस्टात पोचले तेव्हा शरिपा टपालाची पिशवी दोरीनं बांधून त्यावर शिशाची मोहर दाबत होती. बाहेर गाडी चालू होती. शरिपा अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ बाई. गावातली सगळी पोस्टकचेरी म्हणजे ती एकटी.

"उशीर केलात, आगाई. पिशवी बंद. आता पुढच्या गुरुवारी."

गुरुवारी. म्हणजे यादी गेल्यावर; आजच्या गाडीनं गेलं असतं तर सोमवारच्या आत अल्माटीला पोचलं असतं. आगाई काउंटरपाशी उभे राहिले. पत्र इथं ठेवून जायचं, एवढंच करायचं होतं. आपण लिहिलं होतं, टाकलंही होतं, पिशवी निघून गेली त्याला आपण काय करणार. काम्शातला सांगता आलं असतं, बेक्झातला सांगता आलं असतं, पुढं कधी अक्मारललाही. इतकी सोयीची गोष्ट त्यांच्या वाट्याला क्वचितच आली होती. त्यांनी पत्र काउंटरवर ठेवलंही.

"ठेवून जा," शरिपा म्हणाली. "कुठं पळत नाही ते."

ते दारापर्यंत गेले आणि तिथून परत आले. लाकडी काउंटरच्या कडेला दोन्ही हातांनी धरून, कधी कुणाजवळ काही न मागितलेल्या माणसाच्या आवाजात त्यांनी तिला पिशवी उघडायला सांगितलं.

शरिपानं त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या गाडीकडे. मोहर मोडली तर मला वरच्यांना काय सांगायचं, कागद कोण भरणार, ड्रायव्हर आधीच तोंड वाकडं करून बसलाय, असं ती पुटपुटत राहिली. पण पुटपुटतानाच तिनं कात्री घेतली होती.

"दुसऱ्या कुणासाठी केलं नसतं हं," ती दोरी कापत म्हणाली. "आमची पोर तोल्गानाय तुमच्या गटात आहे यंदा. काल वह्यांना कव्हरं घालून बसली. म्हणते, गणिताच्या वाटेला जायचं नाही, आगाईंकडेच शिकायचं आणि मास्तरीण व्हायचं. मी म्हटलं, जा बाई, तेवढं तरी कर."

म्हणजे त्या आठांतलीच एक; हे पत्र गेलं तर तिचाही गट उघडणार नव्हता. पत्र अजून काउंटरवर होतं, त्यांच्या हाताला लागून. शरिपानं हात पुढे केला तेव्हा त्यांनी ते उचलून तिच्या हातात दिलं. तिनं पत्ता मोठ्यानं वाचला, तिकिटावर शिक्का मारला आणि पत्र पिशवीत टाकलं. मग तिनं तोंड आवळून नवी दोरी गुंडाळली आणि म्हणाली, "आगाई, जरा इथं बोट ठेवा, गाठ सुटते."

त्यांनी गाठीवर बोट ठेवलं. बोटाला अजून तपकिरी रंग होता. शरिपानं दोरी ओढून घट्ट बांधली.