न दुखणारं कोपर

डुएन बॉफर्डचं पत्र नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी आलं होतं आणि ऑर्विल स्टँडिफरने त्याला उत्तर पाठवलंच नव्हतं. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा फाडलं. पोराने शाळा संपताच ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठे क्लब फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात त्यात, उतरावं की आधी कॉलेजात जावं, असं डुएनने विचारलं होतं. ऑर्विल एका बेसबॉल क्लबसाठी पोरं हेरत हिंडण्यात म्हातारा झाला होता, पण असल्या प्रश्नाला छातीठोक उत्तर देणं त्याला कधी जमलं नव्हतं. पत्राच्या तळाशी आणखी एक ओळ होती: ‘कोपराचं काम आत्ताच उरकून घ्यावं का?’ ती त्याने थट्टा म्हणून सोडून दिली. बेसबॉलच्या मैदानावर तसली थट्टा चालतेच.

त्यामुळे फेब्रुवारीत, शाळेच्या पहिल्या सामन्याला ओक्लाहोमाच्या दक्षिण टोकाच्या त्या गावात शिरताना त्याला थोडं ओशाळल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

जाळीमागे पोरं हेरणाऱ्या स्काउटांच्या घडीच्या खुर्च्या लागल्या होत्या. दुसऱ्या एका क्लबचा डेल मॅकनट सूर्यफुलाच्या बिया चघळत बसला होता.

“आलास? मला वाटलं, पुस्तक वाचता वाचता गाडी खड्ड्यात घातली असशील.”

“घातली होती. प्रकरण संपलं, मग बाहेर काढली,” ऑर्विल म्हणाला.

डुएनचा पोरगा ट्रेस त्या दिवशी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. सतरा वर्षांचा, काटकुळा, मान लांब. त्याच्या हातून चेंडू सुटला की कॅचरच्या ग्लोव्हमध्ये सुकं लाकूड फोडल्यासारखा आवाज यायचा. समोरचे बॅटर एकामागून एक बॅट खांद्यावर टाकून परत जात होते.

“सत्त्याण्णव मैल,” वेग मोजायच्या रडार गनवरचा आकडा बघत डेल म्हणाला. “आणि अजून दाढीसुद्धा करत नाही. आमचे साहेब म्हणतात, शाळेतला पिचर पहिल्या फेरीत मागितलास तर तुझी गाडी काढून घेतो. आमचा मागचा आठवतो ना तुला? तीन ऑपरेशनं झाली बिचाऱ्याची. आता लोकांचे पोहण्याचे तलाव साफ करतो.”

ऑर्विलने वहीत आकडा टिपला. त्याच्या क्लबनेही जानेवारीतच ठरवलं होतं: यंदा वरच्या फेऱ्यांत शाळेतला एकही पिचर घ्यायचा नाही. या वयात इतक्या जोराने टाकणाऱ्यांची कोपरं फार लवकर जात होती. पण ड्राफ्ट होईपर्यंत असल्या गोष्टी क्लबाबाहेर बोलायच्या नसतात. बोलणाऱ्याची नोकरी जाते.

सामना संपल्यावर डुएन त्याला कुंपणाशी भेटला. डिझेल ट्रकचा मिस्त्री, जाडजूड, अंगाला कायम वंगणाचा वास. शेजारी त्याची बायको टॅमरा ब्लँकेटची घडी घालत होती.

“पोराने खुर्चीतून उठवलं की नाही तुम्हाला, मिस्टर स्टँडिफर?”

“उठवलं. डुएन, ते तुमच्या पत्राचं राहूनच गेलं. मी...”

“अहो, सोडा. आम्हाला कळलं.” डुएनने डोळा मारला. “गुरुवारी डॅलसला निघतोय.”

“डॅलसला कशाला?”

“कोपराचं काम करायला.”

ऑर्विलने ट्रेसकडे पाहिलं. पोरगा कुंपणाला टेकून नाचो खात होता, चेंडू टाकायच्या उजव्याच हाताने.

“कधीपासून दुखतंय?” त्याने विचारलं.

“दुखतंय कुठे? काही झालेलं नाही त्याला.”

वारा जोरात होता. आपल्याला नीट ऐकू आलं नसेल असं ऑर्विलला वाटलं. त्याने पुन्हा विचारलं. डुएनने तेच उत्तर दिलं, आणि अडाण्याला समजावून सांगावं तसं सांगू लागला. “हे बघा, शाळेतून नेलेल्या सगळ्या पिचरांचं कोपर जातं. बरोबर? तुम्ही लोक त्यालाच घाबरता. मग म्हटलं, भीतीच काढून टाकू. कोपरातली हाडं बांधणारी दोरी आत्ताच नवी बसवायची, कॉलेजात आराम करायचा, आणि बाहेर पडेल तेव्हा कोपर पक्कं. ट्रकचा पट्टा मी तुटायची वाट बघून बदलतो का?”

“ट्रकला नवा पट्टा घालता तुम्ही. इथे त्याच्याच मनगटातल्या कंडरेचा तुकडा काढून घालतात. हाडात भोकं पाडतात, डुएन. वर्षभर चेंडू हातात धरायचा नाही. काहींना पुढे कधीच टाकता येत नाही.”

“माहितीय. सगळं वाचलंय.”

“धडधाकट कोपर कापायला डॉक्टर तयार कसा झाला?”

“पहिल्या दोघांनी हाकलून दिलं. तिसऱ्याकडे तयारी करून गेलो. ट्रेस, दाखव रे यांना.”

ट्रेसने नाचोची पुडी कठड्यावर ठेवली. हात अर्धा वाकवला, कोपराच्या आतल्या बाजूला बोट लावलं, आणि त्याचा चेहरा एकदम पिळवटला. ओठ पांढरे पडले. श्वास अडकला. “इथे, सर. शेवटच्या दोन डावांत जास्त. बोटांना मुंग्या येतात.” मग चेहरा सरळ करून त्याने पुडी उचलली. “मुंग्यांचं मीच घातलं. पप्पांनी नव्हतं सांगितलं.”

ऑर्विलने कुंपणाची तार धरली. खरोखर कोपर गेलेली पोरं त्याने मैदानावर गुडघे टेकताना पाहिली होती. त्यांचे चेहरे अगदी असेच दिसले होते.

“मी तुम्हाला विचारलं होतं,” डुएन म्हणाला. “तुम्ही गप्प राहिलात. ज्याला पोरगा हवा असतो तो स्काउट गप्प बसतो, हे आमच्या गावचा न्हावीसुद्धा सांगेल.”

आणि ते खरं होतं. मनात भरलेल्या पोराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, पत्र लिहायचं नाही, दुसऱ्या क्लबांना वास लागू द्यायचा नाही, ही या धंद्याची जुनीच रीत होती. ऑर्विल नुसता घुटमळत बसला होता, आणि या घराने त्या घुटमळण्याचा अर्थ होकार असा लावला होता. त्यावर ऑपरेशनची तारीख पडली होती.

“हे करू नका,” तो म्हणाला. “माझं ऐका. आमचा क्लब त्याला घेणारच नाही, असाही नाही आणि तसाही नाही.”

त्याच वेळी डेल खुर्ची खांद्यावर टाकून मागून गेला. डुएनने त्याच्याकडे पाहिलं, मग ऑर्विलकडे, आणि तो गालात हसला. हवा असलेल्या पोराला चारचौघांत नावं ठेवायची, हीसुद्धा रीतच होती.

“कळलं, कळलं,” डुएन हळूच म्हणाला.

ऑर्विल जन्मात कुणावर ओरडला नव्हता. आता त्याचा आवाज चढला, तसा डुएन आणखीच खूश झाला. तो पोराच्या पाठीवर थाप मारून गाडीकडे निघाला.

टॅमरा मागे थांबली. “तुम्ही खरं बोलताय?”

“हो, मॅडम.”

“इथे सगळेच खरं बोलतात. लिहून द्या. क्लबचं नाव घालून, खाली सही करून. पोरगा अठराचा नाही, डॉक्टरला आम्हा दोघांची सही लागते. तुमचा कागद हातात असला तर मी माझी करणार नाही. नुसत्या बोलण्यावर मी डुएनशी किती दिवस भांडू?”

“क्लबचं नाव घातलं तर मला काढून टाकतील.”

“टाकतील ना,” ती म्हणाली. “आणि तुम्ही लिहिलं नाहीत तर गुरुवारी याचा हात कापतील. आमचं टपाल पोस्टातल्या खोक्यात येतं. उद्या कामावर जाताना मी बघेन.” ती ब्लँकेट काखेत मारून निघून गेली.

पोस्ट ऑफिससमोर ऑर्विलने गाडी उभी केली. पहिला कागद त्याने फाडला. हे कोपर पुढच्या वर्षी खरंच गेलं तर? डुएन हाच कागद घेऊन दारात उभा राहिला तर? त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मग जे ठाऊक होतं तेवढंच त्याने लिहिलं.

‘तुमच्या मुलाचं कोपर आज ठणठणीत आहे. पुढे ते तुटेलही, मला सांगता येत नाही. न दुखणाऱ्या कोपरावर ऑपरेशन करून ते पक्कं होतं, हे खोटं आहे. आमचा क्लब यंदा वरच्या फेऱ्यांत शाळेतला एकही पिचर घेणार नाही आणि चिरलेल्या कोपराला कुणी जास्त भाव देणार नाही. मी गप्प राहिलो तो होकार नव्हता. त्याला कॉलेजात पाठवा. चेंडू कमी टाकू द्या.’

खाली त्याने क्लबचं पूर्ण नाव लिहिलं, सही केली, आणि पुन्हा वाचण्याआधीच पाकीट चिकटवलं.

आत पोस्टात खिडकीमागची बाई दिवे मालवत होती.

“हे उद्या मिळेल का?”

“गावातलंच ना? सकाळी मीच खोक्यात टाकते.”

त्याने पाकीट टपाल टाकायच्या फटीत सोडलं. ते आत पडल्याचा आवाज झाला तरी त्याची बोटं फटीतच होती.

“साहेब, हात काढा,” ती म्हणाली. “मला बंद करायचंय.”