साहेबांचा आवाज

तोंडाशी धरून बोलायचा पत्र्याचा जुना कर्णा मी, मित्रांनो. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारागिराने मला घडवले, आणि सरकारी कचेरीतल्या एका साहेबांनी मला हाती घेतले.

तेव्हा देशातली जुनी नाणी जाऊन दशमान नाणी येणार होती. शंभर लहान नाण्यांचे एक मोठे, असा नवा हिशोब. आमच्या जिल्ह्यात तो लोकांना समजावण्याचे काम साहेबांकडे होते. बाजार भरला की ते खोक्यावर उभे राहत आणि माझ्यातून बोलत.

एकदा एक भाजीवाली म्हणाली, "साहेब, अंधारातसुद्धा जुनं नाणं मला बोटांनी कळतं. नवं कळेपर्यंत लोक मला लुबाडतील."

"मावशी, तुम्हाला कळेपर्यंत मी येत राहीन," साहेब म्हणाले.

ते खरेच येत राहिले. तिच्या टोपलीशेजारी बसून नाणी तिच्या बोटांत देत राहिले. मात्र त्यांचा आवाज बसत चालला होता. मला ते सर्वांआधी कळले, पण मी पडलो पत्रा! मिळेल तोच आवाज मोठा करणार.

त्यांच्या पत्नी रोज म्हणत, "आधी घसा दाखवा. सगळ्या देशाचं ओझं काय तुमच्या एकट्याच्या गळ्यात आहे?"

"नवी नाणी सुरू होण्याची एवढी तारीख पार पडू दे," ते हसून सांगत.

तारीख पार पडली. बाजार सुरळीत चालला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मग साहेब डॉक्टरांकडे गेले. गळ्यात गाठ होती आणि उशीर झाला होता. जीव वाचवायला स्वरयंत्र काढावे लागले.

माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. काही महिन्यांनी साहेब आपले सामान न्यायला कचेरीत आले. मला पाहून त्यांनी रुमालाने धूळ पुसली आणि सवयीने मला तोंडाशी धरले. आवाज आला नाही, श्वासही नाही. आता त्यांचा श्वास गळ्याच्या छिद्रातून जात होता. शिपायाने मान फिरवली. साहेबांनी मला हळूच फळीवर ठेवले.

भाजीवाली अजून कधीतरी विचारायला येते, "साहेब बाजारात का येत नाहीत?" शिपायाला ते सांगवत नाही.

मित्रांनो, मला गंज चढला तर चढू द्या, पत्रा नवा मिळतो. पण घरात कुणी दुखणे हसण्यावारी नेत असेल, तर त्याचे ऐकू नका. हाताला धरून त्याला डॉक्टरांकडे न्या. काम एक दिवस थांबू शकते.