शेऱ्याचा रकाना

अर्ज सगळा भरून झाला आणि शेवटच्या पानावर पंचशीला अडकली. ‘आपलं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन व्यक्तींची नावं व फोन द्या. नातेवाईक चालणार नाहीत.’ आज शुक्रवार होता. सोमवारी पाचपर्यंत अर्ज पाठवायचा होता.

परळीत कोळसा तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत ती पाच वर्षं काम करत होती. दुपारी तीन ते साडेआठ, एकटी. कोळसा क्रुसिबल नावाच्या छोट्या वाटीत घालून भट्टीत जाळायचा, उरलेली राख तोलायची आणि आकडे लातूरला बसणाऱ्या अमरसिंह साहेबांना कळवायचे. साहेब पाच वर्षांत दोनदा आले होते. त्यातल्या एकदा ती रजेवर होती.

आता संभाजीनगरच्या एका औषध कंपनीत जागा निघाली होती. जाहिरातीतलं पगाराचं तिने एकदाच वाचलं. ‘नऊ जणांच्या गटात काम’ ही ओळ मात्र ती पुन्हापुन्हा वाचत होती.

तिने सायलीला फोन लावला. सायली कॉलेजातली मैत्रीण, पुण्यात माणसं नेमायचंच काम करते.

“साहेबाचं नाव टाकू नकोस गं बाई,” सायली म्हणाली. “नवी नोकरी लागायच्या आधी आहे ती जाईल. आणि न विचारता कुणाचंच नाव लिहायचं नाही. इथून फोन जातो अन् समोरचा म्हणतो, ‘कोण पंचशीला?’ तिथेच संपतं बघ. आधी भेट, काय काम केलंस ते आठवून दे. आहेत ना कुणी?”

“आहेत की,” पंचशीला म्हणाली. नाहीत म्हणायची तिला लाज वाटली.

अंबाजोगाईच्या त्रिंबक सरांनी तिला एम.एस्सी.ला शिकवलं होतं. त्यांनी फोनवर लगेच होकार दिला. “दे की माझं नाव. हुशारच होतीस तू.” आणि मग थोडं थांबून, “कुठल्या वर्षाची गं तू?”

दुसऱ्या नावासाठी तिने सगळी माणसं मनात फिरवून पाहिली. घरमालकीण. मेसच्या बाई. गेटवरचा विलास. सगळी भली माणसं, पण तिने राख तोलताना यातलं कुणी तिला पाहिलं नव्हतं.

शनिवारी तिने कपाटातल्या जुन्या नोंदवह्या काढल्या. सकाळच्या पाळीत पूर्वी शहादेव म्हणून एकजण होते. ते कोळसा कुटून, चाळून, सुकायला ठेवून एक वाजता जायचे. नमुने सुकेपर्यंत दोन तास खोली रिकामी असायची, मग ती यायची. चार वर्षांत दोघांची गाठ पडली नव्हती. बोलणं व्हायचं ते वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात.

‘भट्टी पाच अंश जास्त दाखवते. ध्यानात घ्यावे.’

‘घेतलं. दोन नंबरची चाळणी फाटली आहे.’

‘शिवली.’

वर्षापूर्वी ते निवृत्त झाले. आता सकाळी येणारा मुलगा त्या रकान्यात नुसती बरोबरची खूण करायचा.

तिने गेटवर चौकशी केली. विलास म्हणाला, “शहादेव अण्णा? लिंबागणेशला ऱ्हातेत. फोन हाय, पण उचलत न्हाईत. जाऊनच या.”

रविवारी बीडला गाडी बदलून ती लिंबागणेशला उतरली आणि विचारत विचारत घर गाठलं. ओट्यावर एक वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस शेंगा फोडत बसला होता. दाणे एका सुपात, टरफलं दुसऱ्या सुपात.

“मी परळीहून आले. पंचशीला. दुपारची पाळी.”

त्यांनी हात झटकले. तिच्याकडे नीट पाहिलं. “तुमी व्हय? मला वाटलं, लई वयस्क बाई आसंल. अक्षर तसं हाय तुमचं.”

“मला तुम्ही तरुण वाटला होता.”

आतून त्यांच्या पत्नी केशरबाई पाणी घेऊन आल्या. “हीच का ती वहीवाली? अगं माय, ह्यो मानूस घरात कदी दोन शब्द धड बोलला न्हाई. अन् तिथं रोज लिवायचं!”

आता मधे वही नव्हती. शहादेवांनी दोन शेंगा फोडल्या.

“भट्टी आजून पाच जास्तच दावती का?”

“आता सात.”

“हं.”

शेवटी तिने अर्जाचं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “मी धाव्वी पास मानूस, बाई. कोळसा कुटनारा. माजं नाव कावून लिवता? साहेबाचं लिवा.”

“त्यांनी माझं काम पाहिलेलं नाही. तुम्हीच पाहिलंय. दुसरं कुणीच नाही.”

हे वाक्य तिने घरून ठरवून आणलं होतं, तरी बोलताना आवाज बारीक झाला.

शहादेव सुपाकडे बघत म्हणाले, “पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमी एक आकडा खोडला व्हता. सदतीस सत्तर.”

तिला आठवलं. एकाच कोळशाच्या राखेचे दोन आकडे जुळत नव्हते, ३८.४२ आणि ३७.७०. साहेब फोनवर म्हणाले होते, सरासरी लिहून टाका. तिने तिसऱ्यांदा कोळसा जाळला. ३८.४७ आलं. मग ३७.७० वर एक आडवी रेघ, बाजूला ‘क्रुसिबल तडकलं होतं’, आणि सही. साहेबांचं ते सरासरीचं तिने आता त्यांना सांगितलं.

“खोडलेलं बी वाचता येत व्हतं,” ते म्हणाले. “मानसं गिरवत्यात, पांढरं फासत्यात. मी रोज सकाळी आधी तुमचं पान बघायचो. लिवा माजं नाव.”

“फोन उचलाल ना?”

“त्यो आता माज्या कमरंला ऱ्हाईल,” केशरबाई म्हणाल्या. “वाजला की ह्यांच्या कानाला लावते. बोलले न्हाईत तर चिमटा काढते.”

पंधरा दिवसांनी तिला मुलाखतीला बोलावलं. समोरच्या बाईंनी कागदावरून मान वर केली. “तुमच्या शहादेवांना मी तुमचा दोष विचारला. ते म्हणाले, साहेबाचं ऐकत न्हाई. असं का म्हणाले?”

पंचशीलाने ३७.७० चं सगळं सांगितलं, साहेबांचं नाव न घेता. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. नेमणुकीचं पत्र आठवड्याने आलं.

तिने लिंबागणेशला फोन करून कळवलं. पलीकडून “बरं झालं,” एवढंच आलं. फोन मात्र दोघांनीही लगेच ठेवला नाही.

शेवटच्या दिवशी तिने भट्टी बंद केली आणि वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘भट्टी सात अंश जास्त दाखवते. चार नंबरचं क्रुसिबल वापरू नये. उद्यापासून मी नाही. कधी कुणाचं नाव द्यायची वेळ आली तर माझं द्यावं. तुमचे नमुने नेहमी नीट सुकलेले असतात.’

सकाळचा मुलगा हे वाचेल की नुसती खूण करेल, कळायला मार्ग नव्हता. खाली तिने आपला फोन नंबर लिहिला. घाईत एक आकडा चुकला. त्यावर एक आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि नंबर पुन्हा लिहिला.