कुणाला विचारायचं नाही

वासंतीबाईंनी दिल्लीत चाळीस वर्षं काढली, पण न विचारता त्या कधी कुठल्या वाहनात चढल्या नव्हत्या. एकाला विचारायचं, दुसऱ्याकडून खात्री करून घ्यायची आणि चढल्यावर शेजारच्या बाईकडून शिक्का मारून घ्यायचा. शेजारची वृंदा म्हणायची, "ही राजीव चौकात उभी राहून विचारते, राजीव चौक आला का?"

यजमान बळवंतराव होते तोवर हे चालून गेलं. तिकीट त्यांच्या खिशात, वाट त्यांच्या डोक्यात, बाईंच्या हातात फक्त डबा. ते गेल्यानंतर तीन वर्षांनी आता लेक झुरिकला बोलावत होती.

"एका गुरुवारी मला ऑफिस आहे, आई," देवयानी फोनवर म्हणाली. "घरात बसून काय करशील? ट्रेन, मग बस, मग डोंगरातलं छोटं तळं. संध्याकाळी परत."

"आणि चुकले तर?"

"बोर्ड वाचायचे. इथे कुणाला विचारावंच लागत नाही."

लेकीनं हे धीर द्यायला म्हटलं आणि बाईंचा उरलासुरला धीर तिथेच गेला. पण "बिल्कुल, जाईन की," असं त्या म्हणून बसल्या. आता नाही म्हणायचं, तर लेक यापुढे आईला घरात बसवूनच ठेवणार. म्हातारी म्हणून एकदा नोंद झाली की ती कुणी खोडत नाही, हे त्यांना सासूच्या वेळेपासून ठाऊक होतं. सासूची ती नोंद त्यांनीच तर केली होती.

म्हणून त्यांनी तालीम ठरवली. गुडगावपर्यंत मेट्रो, तिथून बसनं सुलतानपूरचं पक्ष्यांचं तळं. अट एकच: हिंदी बोलायची नाही, ऐकली तरी समजायची नाही. फक्त बोर्ड. नीट जमलं तर झुरिकचं तळं, नाही तर लेकीला सांगून बेत रद्द. सरोजिनी नगरच्या बाजारात भाव पाडून घेतलेलं परदेशी जाकीटसुद्धा त्यांनी फेब्रुवारीच्या उन्हात चढवलं. तालीम म्हणजे तालीम.

मेट्रो निभावली. बसस्टँडवर एका खाजगी बसच्या काचेवर सुलतानपूरची पाटी होती. दाराला लोंबकळणारा कंडक्टर मात्र घसा फोडून "पटौदी! पटौदी!" ओरडत होता. आपल्याकडे पाटी सकाळच्या फेरीची असते आणि खरं गाव कंडक्टरच्या घशात असतं, हे बाईंना पक्कं माहीत. पण अट ती अट. तालमीतल्या परदेशी बाईनं पाटीवरच विश्वास ठेवला.

कंडक्टरनं काही विचारलं. बाईंनी नोट पुढे केली आणि समोर बोट दाखवलं. त्यानं शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी फोनवरचा नकाशा पाहिला. निळा ठिपका तळ्यापासून लांब लांब सरकत होता. त्या उठल्या, दार बडवलं, बस थांबली आणि त्या उतरल्या. बस गेली. मग कळलं, उतरायला नको होतं.

दोन्ही बाजूंना मोहरी, लांब वीटभट्टीचं धुराडं, माणूस नाही. फोनची रेंजही बसबरोबर निघून गेलेली.

एक पांढरी गाडी पुढे गेली, थांबली, मागे मागे आली. काच उतरली. आत तिघं.

"आंटीजी, कहाँ जाना है? बैठो, छोड़ देंगे."

भाजीवाल्याला हिंदीत रडवणाऱ्या वासंतीबाई. पण आता एक शब्द फुटेना. अट केव्हाच विसरली होती. हिंदीच आठवेना. मागच्या सीटवरचा हसला. दार उघडल्याचा खट्ट आवाज आला.

आणि बाई मोहरीकडे तोंड करून मराठीत किंचाळल्या, "अहो! या ना लवकर! किती वेळ लावता!"

जिवंतपणी एका हाकेत कधी न आलेले बळवंतराव आता काय येणार? गाडीतले तिघं मोहरीकडे बघत राहिले. बाईही बघत राहिल्या.

मोहरी हलली. डोक्याला ओढणी, हातात विळा, अशी एक बाई उठून उभी राहिली. तिच्यामागून दुसरी.

"के होग्या, बेबे? कडै जावैगी?" काय झालं, कुठे जायचंय, असं ती हरियाणवीत विचारत होती.

दार पुन्हा खट्ट झालं. गाडी सावकाश निघून गेली. खरंच सोडणार होते की काय, हे बाईंना कधीच कळायचं नव्हतं.

उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आवाज त्या एका हाकेतच संपलेला. मग साठी उलटलेल्या, जाकीट घातलेल्या वासंतीबाईंनी दोन्ही हात पसरले आणि पंखांसारखे हलवले.

दोघी पोट धरून हसल्या. "तळाव! पंछी आळा तळाव!" पक्ष्यांचं तळं उलट दिशेला राहिलं, असं त्यांनी हातानंच सांगितलं, आणि गुडगावची जीप येईपर्यंत गवताचे भारे टाकून त्या बाईंच्या दोन बाजूंना बसून राहिल्या.

पक्षी एकही दिसला नाही. मेट्रोत बसल्यावर देवयानीचा फोन आला.

"कुठे आहेस? फोन का लागत नव्हता? आई, आवाज असा का येतोय? घाबरलीयस?"

"हो," वासंतीबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत लेकीला हे पहिल्यांदाच सांगितलं.

"मग ते तळं रद्द करू का?"

बाईंनी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं.

"रद्द नको. फक्त 'मी वाट चुकले' हे तिथल्या भाषेत मोठ्या अक्षरात लिहून दे. कुणाला तरी दाखवीन. बाकीचं मी हातांनी करते."

मग त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं, "बेटा, ये राजीव चौक जाती है ना?"