सहावं काडतूस

आदल्या दिवशी आमचं भांडण झालं ते टोस्टवरून. मी दोन खाल्ले, बाबांचं म्हणणं तीन खा. मग ते फुरंगटून गराजमध्ये गेले आणि पाचच मिनिटांत तिथून हाक आली.

"मारिट, जरा हात दे गं. माझा अंगठा आज संपावर आहे."

मी पुस्तकात बोट घालून गेले. दर ऑगस्टला सिअ‍ॅटलहून मी पंधरा दिवस दूर उत्तरेतल्या केनाई गावी बाबांकडे येत असे, आणि दर ऑगस्टला एकदा तरी त्या बाकासमोर बसावं लागे. बाकावर पितळी पुंगळ्यांचे डबे, शिशाच्या गोळ्या, दारू तोलायचा इवलासा तराजू आणि कडेला बोल्टांनी घट्ट बसवलेला, दांडा ओढून काडतूस दाबायचा हिरवा प्रेस. बाबा आपली काडतुसं आपणच भरत. विकतची काडतुसं वापरणाऱ्याकडे ते विकतचं लोणचं वाढणाऱ्या घराकडे बघावं तसं बघत.

ती सगळी तयारी एका रिव्हॉल्व्हरसाठी होती. फॉर्टी-फोर मॅग्नम, फिरत्या चक्रात सहा गोळ्या मावणारं, नदीवर दिवसभर कमरेला बाळगता यावं म्हणून मुद्दाम हलक्या धातूचं. हलकी बंदूक आणि जड गोळी म्हटल्यावर प्रत्येक बाराला ती मनगटावर लाथ घालते. त्या लाथेचंच बाबांच्या नेमबाज मंडळाला कौतुक. साठी उलटलेले पंधरावीस पुरुष दर शनिवारी जमून बोलिंगच्या लाकडी बाहुल्यांवर बार काढत आणि कुणाची बंदूक जास्त जोरात उसळते यावर दुपार घालवत. एकाचं मनगट मोडलं तेव्हा त्याला महिनाभर फुकट बिअर मिळाली होती. मी एवढी वर्षं वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत याहून बावळट पुरुष मला भेटले नव्हते, आणि हे मी बाबांपासून लपवलेलंही नव्हतं.

"शेवटचं काम तेवढं कर," बाबा म्हणाले. "पुंगळीचा ओठ गोळीवर आवळायचा. दांडा खाली टेकेपर्यंत आण. खट् वाजलं पाहिजे."

"आणि नाही वाजलं तर?"

"तर पहिल्या बाराच्या धक्क्यानं बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात. चक्राच्या बाहेर नाक काढतात. मग चक्र फिरत नाही आणि हातात नुसता धातूचा गोळा राहतो. अस्वलाला फेकून मारायला."

"तुमच्या मंडळातल्या कुणाला अस्वल भेटलंय तरी का?"

"व्हर्नला भेटलंय."

"व्हर्नकाकांना ते कचऱ्याच्या पेटीत भेटलं होतं. काका गाडीत होते. काचा वर करून."

बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. "हे त्याच्यासमोर बोलू नकोस हं. बिचारा ती गोष्ट दरवर्षी थोडी थोडी मोठी करत आणतोय."

पहिल्या दहाबारा काडतुसांना खट् वाजलं. दांडा तीन चतुर्थांश सहज यायचा. शेवटच्या बोटभर अंतराला जोर लागायचा आणि त्यासाठी उठून उभं राहावं लागायचं. मग मी बसले. उजव्या हातानं दांडा, डाव्या हातात पुस्तक. पन्नास काडतुसं. बाबा शेजारी स्टुलावर बसून गळाचं रीळ पुसत होते.

"खालपर्यंत येतोय ना दांडा?"

"येतोय."

जरा वेळानं परत, "येतोय ना?"

"बाबा, येतोय."

एरवी त्यांचा नियम होता. नव्या पेटीतली सहा काडतुसं भरायची, पाच झाडायची, सहावं न झाडता बाहेर काढून कॅलिपरनं मोजायचं. केसभर जरी लांब झालेलं असलं तरी पेटीतली सगळी काडतुसं सोडवून पुन्हा भरायची. पण वसंतात त्यांच्या मनगटाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बार काढायला मनाई केली होती. त्यांनी माझी काडतुसं एकेक करून पेटीत ठेवली आणि झाकणावर चिठ्ठी डकवली. तारीख, दारूचं वजन, गोळीचं वजन. खाली, ठळक अक्षरात, आवळणी: मारिट.

"मंडळात दाखवतो," ते म्हणाले.

"कृपा करा, नका दाखवू."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते चंदेरी सामन मासे धरायला ओढ्यावर गेले. नऊला मी उठले तेव्हा ओट्यावर तीन टोस्ट झाकून ठेवलेले होते.

परत आले ते बाबा नाही, पोलिस. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात एवढं. अस्वलाची मादी होती, दोन पिल्लं बरोबर. एक बार झाला होता, वाळूत. दुसरा झाला नाही. काडतुसं कुणी भरली असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाबा स्वतः भरायचे. ते लिहून घेऊन गेले.

बंदूक परत मिळाली तेव्हा व्हर्नकाका माझ्याबरोबर आले होते. मंडळाच्या बंदुका तेच दुरुस्त करतात. आमच्याच गराजमध्ये त्यांनी लाकडी हातोडीनं चक्र मोकळं केलं, आतली पाच काडतुसं बाकावर ओळीनं मांडली आणि शिट्टी वाजवली. पाचही गोळ्या पुढे आल्या होत्या. एकीनं तर नाकच बाहेर काढलं होतं.

"आवळलंच नाही त्यानं," ते म्हणाले. "ऑर्विलनं. सगळ्या जगाला शिकवणाऱ्या ऑर्विलनं."

उरलेली पेटी तेव्हा माझ्या बॅगेत होती, दोन स्वेटरच्या मध्ये.

रविवारी मंडळानं आपल्या शेडमध्ये शोकसभा ठेवली. मूस हरणाच्या मांसाचा रस्सा, सामन, बटाट्याचं सॅलड आणि एक चौकोनी केक. केकवर साखरेचं रिव्हॉल्व्हर काढलेलं होतं. ते पाहून मला बाबांना फोन करावासा वाटला.

शेडच्या मागच्या बाजूला त्यांची ती भिंत आहे. शहाण्यांची भिंत म्हणतात. कुणाची नळी फुटली, कुणी दुप्पट दारू भरून चक्र फोडलं, कुणी नळी पुसायची चिंधी आतच विसरून बार काढला, ते सगळं भंगार तिथे खिळ्यांना टांगलेलं असतं आणि खाली चिठ्ठी, नाव, तारीख आणि काय चुकलं ते. मोठेपणी लाज टांगून ठेवायला या लोकांना जागा सापडली याचं मला नेहमी हसू यायचं. चाळीस वर्षांत त्या भिंतीवर बाबांचं नाव नव्हतं. हे त्यांनी मला दर नाताळच्या फोनवर न चुकता सांगितलेलं आहे. मी दरवेळी म्हणायचे, वा, आणि बोलता बोलता भांडी घासायचे.

रस्सा खाता खाता बोलणी चालली होती.

"म्हातारपण आलं की हाताला लाज नसते," ग्लेन म्हणाला. हा तोच, मनगट मोडलेला. "मी म्हटलं होतं त्याला, ऑर्विल, आता विकतची आण. तर म्हणे, विकतच्यात माझा हात नसतो."

"हात होता म्हणूनच तर," कुणीतरी म्हणालं, आणि दोघे तिघे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. दर ऑगस्टला मी त्यांच्यावर हसत असे, तसंच.

व्हर्नकाका माझ्याजवळ आले. एका हातात ते चक्र, दुसऱ्या हातात मार्कर.

"पोरी, तुझी हरकत नसेल तर हे लावावं म्हणतो. ऑर्विलला आवडलं असतं. पुढच्यांना धडा."

"नाही आवडलं असतं."

"अगं, यात अपमान नाही. माझ्या स्वतःच्या तीन चिठ्ठ्या आहेत तिथे."

"तुमच्या तीस असायला हव्या होत्या, व्हर्नकाका."

ग्लेन हसला. काका हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. बाप गेलेल्या मुलीला काहीही बोलता येतं. खिळा आधीच ठोकलेला होता. त्यांनी बाकावर वाकून चिठ्ठी लिहायला घेतली. ऑर्विल हॅलव्हर्सन. तारीख. ओठ आवळला नाही.

सोमवारी सकाळी माझं विमान होतं. मी गप्प बसले असते तर कुणी कधी काही विचारलं नसतं, आणि हे पंधरावीस बावळट पुरुष दर शनिवारी त्या चिठ्ठीखालून जाता येता म्हणाले असते, म्हातारा शेवटी चुकलाच. जगात बाबांना ज्यांच्या मताची पर्वा होती ते एवढेच होते. माझ्या मताची होती की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं.

मी बाहेर गाडीत ठेवलेल्या बॅगेतून पेटी आणली आणि व्हर्नकाकांच्या चिठ्ठीवर ठेवली. त्यांनी झाकणावरची अक्षरं वाचली. बाबांचं अक्षर त्यांना ओळखीचं होतं. मग त्यांनी एक काडतूस काढलं, त्याचं नाक बाकाच्या कडेला दाबलं आणि गोळी आत सरकलेली अंगठ्यानं चाचपली.

"कधी केली ही?" त्यांनी हळू विचारलं.

"आदल्या दिवशी. त्यांचा अंगठा दुखत होता. ते नाव खोडा, काका, माझं लिहा."

"मारिट, राहू दे. तुला काय माहीत असणार यातलं."

"त्यांनी सांगितलं होतं. दांडा खालपर्यंत नाही आणला तर काय होतं ते सगळं सांगितलं होतं. मग दोनदा विचारलं, येतोय ना, आणि मी दोन्ही वेळा येतोय म्हटलं. येत नव्हता. मला कळत होतं."